रांग वाढतेय, माणसं थकलीत: मंडळीनं आता काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका चर्चच्या मंडळीच्या, म्हणजे सभासदांच्या, यादीत सव्वाशे नावं, रविवारच्या उपासनेला ऐंशीच्या आसपास हजेरी. दोन वर्षांपूर्वी महिन्यातून एकदा शिधावाटप सुरू केलं तेव्हा १५ कुटुंबं यायची, आता ६० येतात. कामाला २० जण होते, आता सात उरलेत आणि तेही कुरकुरतात. आसपासच्या वस्तीत दारू, बायकांना मारहाण, व्याजाचं कर्ज, शाळा सुटलेली मुलं असं सगळंच आहे. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणतात वाटप वाढवू या. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीतले काही म्हणतात, चर्चनं उपासना सांभाळावी, बाकी सरकारचं काम. विचारणाऱ्याला जाणून घ्यायचंय की यात चर्चची भूमिका नेमकी कोणती आणि सुरुवात कुठून करायची.

दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर आहे, पण वाद भलत्याच मुद्द्यावर चाललाय. वाटप किती असावं हा प्रश्नच नाही. ६० कुटुंबं त्याच रांगेत उभी आहेत आणि त्यांतल्या एकाही घराला रांगेतून बाहेर पडायला काय लागेल, हे तुमच्यापैकी कुणाला सांगता येत नाही. खरं दुखणं ते आहे.

'मदत' या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं येतात. घर जळालं, पूर आला, कमावतं माणूस अचानक दवाखान्यात पडलं, की पिशवी, पांघरूण, औषध लगेच द्यायचं, फारसं काही विचारायचं नाही. हे काम काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं. दुसरं काम सावरायला हात देण्याचं. यात चालायचं त्या माणसानं, तुम्ही फक्त बरोबर. याला महिने लागतात. तिसरं काम म्हणजे घर पुन्हा पुन्हा ज्या कारणानं घसरतं त्याच्या मुळाशी जाणं: व्यसन, कर्ज, कागदपत्रं नसणं, रोजगार, एखादा जाचक नियम. याला वर्षं लागतात. पहिल्या कामाचं औषध तिसऱ्या दुखण्याला लावलं की रांग वाढते, वाटणारे थकतात आणि घेणाऱ्याला ओशाळं वाटत राहतं. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय.

हे दुखणं नवं नाही. १६१७ साली फ्रान्समधल्या शातियों गावात व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू होते. एका घरातली सगळी माणसं आजारी आहेत, कुणी बघायला नाही, असं त्यांनी उपदेशात सांगितलं. दुपारी ते स्वतः तिकडे निघाले तर वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागलेली. त्यांना बरं वाटलं आणि काळजीही वाटली: आज इतकं जमलंय की वाया जाणार, आणि चार दिवसांनी या घरात पुन्हा काही नसणार. दया भरपूर, पण तिला वेळापत्रक नाही. मग त्यांनी गावातल्या काही बायकांना एकत्र केलं, पाळ्या लावल्या आणि त्याच वर्षी लेखी नियम केले. चर्चच्या समाजकार्यात पुढे जे काही टिकलं त्याच्या मागे बहुतेक वेळा अशी पाळ्यांची यादी सापडते.

पुढचं काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. परिसरात सरकारी यंत्रणा चालते का? चालत असेल तर तुमचं मुख्य काम लोकांना तिथपर्यंत पोचवण्याचं, नसेल तर थोडी जास्त जबाबदारी अंगावर येईल. तुमच्या पाळकांची बदली होते का? होत असेल तर सगळं काम त्यांच्या भोवती बांधू नका. मंडळी परिसरात संख्येनं थोडी असेल तर संशयाचा प्रश्न येतो, त्याबद्दल खाली लिहितो. संस्थेची नोंदणी, देणग्यांचे नियम, मुलांविषयीचे कायदे प्रत्येक देशात वेगळे असतात. ते स्थानिक वकिलाला विचारल्याशिवाय एक पाऊलही टाकू नका.

आता चर्चकडे काय असतं ते बघू. पैसा बहुतेक ठिकाणी नसतो. प्रशिक्षित कर्मचारी नसतात. पण दर आठवड्याला ठरल्या वेळी उघडणारं दार असतं, बसायला जागा असते, वेगवेगळ्या वयाची आणि परिस्थितीची माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, आणि लग्न, बारसं, मयत यांच्या निमित्तानं घराघरांत जाणं-येणं असतं. सरकारी कचेरीला यांतलं एकही जमत नाही. म्हणून चर्चनं लहान दवाखाना किंवा लहान कल्याण खातं होण्याच्या फंदात पडू नये. नियमितपणा आणि ओळख, या दोन गोष्टी जिथे कामी येतात तेच काम घ्यावं.

लंडनमधलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. १९५३ साली सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चचे पाळक चॅड व्हारा यांनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी फोन सुरू केला. सल्ला देणारे ते एकटे. बाहेर थांबलेल्या लोकांना चहा द्यायला आणि त्यांच्याशी बोलत बसायला काही साधी माणसं ठेवली होती. हळूहळू लक्षात आलं की कित्येकांना बाहेरच्या माणसाशी बोलूनच हलकं वाटतं, आत जायची गरजच उरत नाही. १९५४च्या फेब्रुवारीत त्यांनी ते ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. तुमच्या सात जणांत असा एक तरी माणूस असेल जो पिशव्या भरण्यात कच्चा आहे पण ज्याच्यापाशी लोक थांबतात. त्याला पिशव्यांवरून उठवा.

पंचकमिटीनं बंद खोलीत बसून प्रश्न निवडू नये, ते उंटावरून शेळ्या हाकणं होईल. आधी सहा आठवडे फक्त ऐका. आठ जण, दोघादोघांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीनं आठवड्याला दोन घरं करायची, म्हणजे सहा आठवड्यांत ४८ घरं. दोघांनी जाण्याचं कारण सोपं आहे: एकाला ऐकता येतं, दुसऱ्याला बघता येतं, आणि मागून कुणी काही आरोप केला तर साक्षीला माणूस असतो. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटी काढली. तिच्या घरभेटी आजही दोघादोघांनीच होतात.

भेटीत तीनच गोष्टी विचारा. इथे काय चांगलं चालतं? रात्री झोप कशामुळे उडते? अडचण आली की सगळ्यांत आधी कुणाकडे जाता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं, कारण वस्तीत आधीपासून मदत करणारी माणसं त्यातून कळतात: एखादी दाई, एखादा दुकानदार, एखादा निवृत्त शिक्षक. तुमचं काम त्यांच्या बाजूनं उभं राहायला हवं, त्यांना बाजूला सारून नव्हे. हातात फॉर्म नको, वही नको. बाहेर पडल्यावर पाच ओळी लिहा. आणि काही झालं तरी कसलंही आश्वासन देऊ नका. 'बघू, काहीतरी करू' हे वाक्यही लोक आश्वासन म्हणूनच ऐकतात. याच काळात शाळेचे मुख्याध्यापक, दवाखान्यातली परिचारिका, पोलीस ठाणं आणि इतर धर्मांच्या स्थळांचे प्रमुख यांनाही भेटून घ्या.

मग एकच प्रश्न निवडा. चार प्रश्न घेतलेत तर एक ना धड, भाराभर चिंध्या. निवडताना हे तपासा: तो ४८ पैकी किमान १२ घरांत निघाला का, दुसरं कुणी आधीच चांगलं करत नाही ना, आठ माणसांना दर आठवड्याला झेपेल का, आणि वर्षभरानं तुम्हाला तो बंद करावा लागला तर कुणी उघड्यावर पडणार नाही ना. या शेवटच्या कसोटीवर उत्साही मंडळ्यांच्या अर्ध्याअधिक कल्पना गळतात. विशेषतः वसतिगृह आणि निवारागृह. रात्रीचा मुक्काम असलेलं काहीही लहान मंडळीनं काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सध्याच्या वाटपाचं काय करायचं? एकदम बंद करू नका. मात्र महिन्याची रांग मोडा आणि आठवड्याला दोन तासांची बैठक ठेवा. गणित असं: दोन टेबलं, प्रत्येक कुटुंबाला २० मिनिटं, म्हणजे एका टेबलावर सहा आणि दोन्हींवर मिळून १२ कुटुंबं. ६० कुटुंबांचा फेरा पाच आठवड्यांत पुरा होतो. प्रत्येक कुटुंबाला वार आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी द्या, म्हणजे रांग लागतच नाही. पिशवी तीच, फक्त ती बोलणं झाल्यावर मिळते. माणसं किती लागतील? टेबलावर दोघंदोघं, दाराशी एक, एकूण पाच. स्वयंसेवक तीन वेळांतून एकदा येत नाही असं धरून चालायचं, तेव्हा पाच जागांसाठी आठ नावं हवीत. तुमच्याकडे सात आहेत.

टेबल कसं मांडता यावर बरंच काही ठरतं. येणाऱ्याची खुर्ची अशी ठेवा की त्याची पाठ बाकीच्यांकडे येईल. त्याचं तोंड कुणाला दिसत नसलं की तो बोलतो. टेबलाच्या समोरासमोर बसण्यापेक्षा कोपऱ्याला काटकोनात बसा, मुलाखतीसारखं वाटत नाही. शेजारचं टेबल इतकं दूर हवं की शब्द ऐकू येऊ नयेत, पण दिसायला दिसावं. दोघांपैकी एकानं बोलायचं, दुसऱ्यानं लिहायचं, आणि लिहिलेलं त्या माणसाला शेवटी वाचून दाखवायचं. पहिला प्रश्न 'काय हवंय?' असा नको. 'आज कसं काय येणं केलंत?' असं विचारा. पुढे घरी किती जण, गेल्या वर्षी यावेळी कसं भागत होतं, तेव्हापासून काय बदललं. 'काय बदललं' याच्या उत्तरातच बहुतेक वेळा खरं कारण निघतं: नवऱ्याचं काम सुटलं, हप्ता सुरू झाला, सासूचं औषध लागलं.

वहीत चारच रकाने: तारीख, घरातली माणसं, काय अडचण सांगितली, काय ठरलं आणि ते कोण कधीपर्यंत करणार. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ती बैठक फुकट गेली. धर्माचा रकाना नाही, जातीचा नाही, फोटो नाही. पिशवी देतानाचा फोटो तर मुळीच नाही. पिशवी घेणाऱ्याची मुलगी त्याच वस्तीत शाळेत जाते. वही कुलपात, किल्ल्या दोघांकडे. ऐकलेलं प्रार्थनासभेतही बोलायचं नाही. 'अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार त्रास आहे' हे चर्चमधल्या चहाडीचं सभ्य रूप आहे आणि त्यानं अनेक चांगली कामं बुडालीत.

टेबलाशी एक पानाची यादी हवी: कुठली सेवा कुठे मिळते, कुठल्या दिवशी, कुठले कागद लागतात, तिथे कुणाला भेटायचं. दर तीन महिन्यांनी फोन करून ती तपासायची, कारण जुन्या यादीवरून पाठवलेला माणूस परत तुमच्याकडे येत नाही. नुसता पत्ता हातात दिला तर पुष्कळ जण अर्ध्या वाटेवरून परततात. पहिल्या खेपेला बरोबर जा. कचेरीच्या खिडकीशी शेजारी कुणीतरी उभं असणं, एवढ्यानंच कित्येक अडलेले अर्ज पुढे सरकतात.

एखादं कुटुंब तिसऱ्यांदा पिशवीसाठी आलं की नेहमीचं बोलणं थांबवून वेगळा तासभर काढा. तीन महिन्यांत काय बदलू शकतं, त्यांनी काय करायचं आणि तुम्ही काय, हे दोघांच्या संमतीनं ठरवा. म्हातारं एकटं माणूस किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर त्याच्याकडून 'उभं राहण्याची' अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. तिथे कायमची मदतच योग्य आणि तसं वहीत लिहून टाकावं. मोजणीही बदला. किती पिशव्या गेल्या हे मोजू नका. या तीन महिन्यांत किती घरांना यायची गरज उरली नाही आणि का, हे मोजा.

पैशांबद्दल. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपावरून तक्रार झाली: ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय. प्रेषितांनी वाटप स्वतःच्या हाती घेतलं नाही, सात जण निवडून त्यांच्याकडे सोपवलं. हे आजही शहाणपणाचं आहे. कुणाला किती द्यायचं या निर्णयात पाळक नकोत. मंगळवारी ज्याला नाही म्हटलं त्याच्यासमोर रविवारी उपदेश करणं अवघड, आणि ज्याला हो म्हटलं त्याला मिंधेपणा वाटणार. वेगळं बँक खातं, दोन सह्या, सही करणारे एका घरातले नकोत. लहान रकमेचा निर्णय टेबलावरच्या दोघांनी त्याच दिवशी घ्यावा, त्यावरच्या रकमेचा तिघांनी आठवड्याच्या आत. रोख हातात नको: भाडं घरमालकाला, फी शाळेला, औषधाचं बिल दुकानाला, आणि पावती वहीला टाचलेली. व्याजानं असो वा बिनव्याजी, चर्चनं कर्ज देऊ नये. फेडता आलं नाही की माणूस उपासनेला यायचाच थांबतो. दर तीन महिन्यांनी जमाखर्च फलकावर लावा, नावांशिवाय.

आता दारूचं, कारण तुमच्या प्रश्नात ते पहिलं आहे आणि चर्चची सगळ्यांत मोठी चूकही इथेच होते. भारावलेल्या सभेत माणसाला पुढे बोलावून 'आजपासून सोडली' अशी शपथ घ्यायला लावतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात बंद केली तर ते जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर साधारण सहा ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप, भास असा गंभीर प्रकार होऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, मग शपथ. पूर्वी कधी सोडताना झटका आला होता का, सकाळी उठल्याबरोबर हात कापतात का, हे टेबलावरच्या माणसानं विचारलंच पाहिजे. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी बरोबर जाऊन दवाखान्यात पोचवा.

त्यानंतरचं काम मात्र चर्चला छान जमतं, आणि ते आहे खोली देण्याचं. दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात त्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाची सुरुवात १९३५ साली अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात झाली. तेव्हापासून जगभर तिच्या असंख्य बैठका चर्चच्या तळघरांत आणि सभागृहांत भरत आल्यात. पण तो गट चर्चचा नाही. स्वतःचा खर्च स्वतः भागवायचा ही त्यांची परंपरा आहे, म्हणून ते लहानसं भाडं देऊ करतील. 'नको, नको' म्हणू नका, घ्या. एकच वार, एकच वेळ, एकच खोली, किमान वर्षभर. दार शक्यतो वेगळं हवं, म्हणजे भजनमंडळाच्या तालमीतून वाट काढत जावं लागणार नाही. आत कोण जातं ते बघायला कुणी थांबायचं नाही. नाताळात किंवा ईस्टरला 'हॉल लागतोय' म्हणून बैठक रद्द करणं हे नेहमीचं पाप. सणाचा आठवडाच त्यांना सगळ्यांत जड जातो. शेजारच्या खोलीत व्यसनी माणसाच्या घरच्यांचा वेगळा गट बसू शकला तर फारच उत्तम, बायका तिथे पहिल्यांदा मोकळ्या बोलतात.

आणि प्रभुभोजनात, म्हणजे उपासनेतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीत, खरी वाइन देत असाल तर न आंबवलेला द्राक्षरस ठेवा, निदान पर्याय म्हणून तरी. (हा रस बाटलीत टिकवायची युक्ती १८६९ साली थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट पंथाच्या दंतवैद्यानं याच कामासाठी काढली होती. त्याचं पुढे केवढं मोठं दुकान झालं ते वेगळंच.)

मारहाणीबद्दल थोडक्यात पण ठामपणे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवू नका. तिनं तिथे जे सांगितलं त्याची किंमत ती घरी गेल्यावर मोजते. तिच्याशी एकटीशीच बोला, तिच्या पर्समध्ये पत्रक घालू नका, आणि मदतीचा क्रमांक द्यायचाच तर तो कुठे नि कसा ठेवायचा हे तिला ठरवू द्या. घर सोडायचा काळ सगळ्यांत धोक्याचा असतो, म्हणून 'आजच निघ' असा सल्ला देण्याआधी त्या विषयातल्या संस्थेशी बोला. 'क्षमा कर' हे वाक्य कुणीही तिला ऐकवायचं नाही. तो निर्णय तिचा आणि तोही ती सुरक्षित झाल्यावरचा.

मुलांसाठी अभ्यासवर्ग काढायचा मोह होईल. काढा, पण नियम पहिल्या दिवसापासून लावा. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, तीही एका घरातली नकोत. दार उघडं किंवा दाराला काच. मुलांशी खासगी फोन-संदेश नाहीत. नवा स्वयंसेवक, मग तो पाळकांचा पुतण्या का असेना, दोन जणांची शिफारस आणि चौकशी झाल्याशिवाय वर्गात नाही. कुणी अत्याचाराची तक्रार केली तर कायद्यानं नेमलेल्या यंत्रणेला त्याच दिवशी कळवायचं. मंडळीनं स्वतःची 'अंतर्गत चौकशी' करायची नाही. चर्चचा या बाबतीतला इतिहास चांगला नाही. आयर्लंडमधल्या संन्यासिनींनी चालवलेल्या मॅग्डलेन लाँड्र्यांमध्ये, म्हणजे कपडे धुण्याच्या कारखान्यांत, बायकामुलींना डांबून राबवलं गेलं. त्यांतली शेवटची १९९६ साली बंद झाली आणि २०१३ साली पंतप्रधान एन्डा केनी यांनी त्यातल्या सरकारच्या वाट्याबद्दल संसदेत माफी मागितली. कॅनडात चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत मूलनिवासी मुलांचं काय झालं ते तिथल्या सत्यशोधन आयोगाच्या २०१५च्या अहवालात आहे. दोन्हीकडे बंद दरवाजा होता, आतल्यांवर विश्वास होता आणि बाहेरचं कुणी तपासायला येत नव्हतं. वसतिगृह काढू नका असं वर म्हटलं त्याचं हेही एक कारण.

कर्ज आणि रोजगाराला वाटपानं काहीच होत नाही. इथे दोन जुनी कामं डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. स्कॉटलंडमधल्या रूथवेल या लहान गावात रेव्हरंड हेन्री डंकन यांनी १८१० साली बचत बँक काढली, मोठ्या बँका ज्यांच्या किरकोळ रकमेला विचारत नव्हत्या त्यांच्यासाठी. आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाच्या विस्तार विभागानं १९२८ पासून फादर मोझेस कोडी यांच्या नेतृत्वाखाली कोळी आणि शेतकऱ्यांमध्ये काम केलं. त्यांची पद्धत साधी होती: आधी गावाची एक मोठी सभा, मग घराघरांत लहान अभ्यासमंडळं, एकच प्रश्न धरून, म्हणजे आपला माल इतका स्वस्त का जातो आणि पैसा कुठे मुरतो. त्यातून पतसंस्था आणि सहकारी विक्री उभी राहिली. तुमच्याकडे आठ-दहा कर्जदार घरं निघाली तर त्यांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवा, प्रत्येकानं आपलं व्याज कागदावर मांडावं. दरमहा शेकडा किती आणि वर्षाला किती, हे कित्येकांनी कधी हिशेबानं बघितलेलंच नसतं. जी बचत होईल ती त्या गटाची स्वतःची, खातं त्यांच्या नावावर, चर्चनं त्याला हात लावायचा नाही.

जाचक नियमाविरुद्ध चर्चनं बोलावं का? पक्षाचं राजकारण करू नये, एवढी सीमा पुरे. अमेरिकेत माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये सभा झाली आणि वर्णभेदाच्या बसवरचा बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं. तो ३८१ दिवस टिकला. भाषणं गाजली, पण टिकायला कारण वाहतुकीची व्यवस्था: लोकांना कामावर पोचवायला गाड्यांच्या फेऱ्या ठरवल्या, चर्चच्या नावावर मोठ्या गाड्या घेतल्या. तुमच्या पातळीवर हे फार लहान असेल, उदाहरणार्थ एकाच प्रकारचे बारा अर्ज एकाच खिडकीवर अडलेत हे वहीवरून दाखवून देणं. आकडा आणि तारखा असल्या की अधिकारी ऐकतो.

संशयाबद्दल आता. मदतीला धर्माची अट जोडली, किंवा जोडलीय असं नुसतं वाटलं, तरी सगळं काम संपतं. रेड क्रॉस आणि मदतसंस्थांची १९९४ची आचारसंहिता स्पष्ट सांगते की मदतीचा उपयोग राजकीय किंवा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी करायचा नाही. व्यवहारात याचा अर्थ असा: बैठकीच्या वेळेत उपदेश नाही, पिशवीत पत्रक नाही, उपासनेची हजेरी बघून प्राधान्य नाही, आणि मंडळीच्या सदस्यांना वशिलाही नाही. कुणी आपणहून प्रार्थना मागितली तर जरूर करा, पण तीही टेबलापासून दूर आणि मदतीचं ठरून गेल्यावर. ज्या पंचांना वाटतं की यानं चर्चचं चर्चपण जाईल, त्यांना या बैठकीत एकदा दाराशी बसवा. वाद घालण्यापेक्षा ते बरं.

सुरुवात अशी करा. येत्या रविवारी मोठी घोषणा नको, सात जणांनी उपासनेनंतर एक तास बसावं. आठवा माणूस कोण, बैठकीचा वार कोणता, वही आणि किल्ल्या कुणाकडे, एवढंच ठरवा. पुढच्या वाटपाला ६० चिठ्ठ्या तयार ठेवा आणि त्यांवर वेळा घाला. घरभेटी त्याच आठवड्यापासून सुरू होऊ देत, चिठ्ठ्यांचा पहिला फेरा पुरा झाल्यावर आठवड्याभरात त्याही संपतील. घरभेटींचा वेळ आणि बैठकीचे दोन तास एकाच माणसाच्या डोक्यावर सलग पडणार नाहीत असं वेळापत्रक लावा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कुरकुर. दारावर पाटी लावायची झाली तर फक्त वार आणि वेळ लिहा. योजनेला नाव देऊ नका, सहा आठवड्यांनी ते बदलावंच लागेल.